नेपाळ बंद करायचं राहिलं

माझं काम सकाळी सात वाजता सुरू होतं आणि दुपारी बारा वाजता संपतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी रात्र येते, मग लाल दिवा येतो, आणि पुढं आणखी काय काय येतं. माझ्याकडं सकाळचं ऊन असतं. खाली भाजीवाली ओरडत असते, शेजारच्या काकू गॅलरीत पापड वाळत घालत असतात, आणि मी सांगलीत, विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, केस विंचरून, लिपस्टिक लावून कॅमेऱ्यासमोर बसलेली असते. बघणारे अमेरिकेत असतात. रात्र त्यांची असते.

मी वेबकॅम मॉडेल आहे. बोलते, हसते, नटते, कधी कपडेही काढते. पुढचं ज्याला समजायचं त्याला समजलं, ज्याला नाही समजलं त्यानं चहा करून प्यावा. मला कुणी फसवून आणलं नाही आणि कुणी कोंडून ठेवलं नाही. साताऱ्यात मी एका मोबाईलच्या दुकानात दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकांना कव्हरं दाखवायचे. पाटणची एक पोरगी माझ्याबरोबर खोलीत राहायची, ती हे काम करायची. आधी मी तिला वाट्टेल ते बोलले, मग गुपचूप बघितलं, मग चार गोष्टी विचारल्या, आणि शेवटी स्वतः बसले. त्याला आता सात वर्षं झाली.

आईला मी पहिल्याच वर्षी सांगितलं. आई वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी असते. तिनं चार महिने माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस इस्लामपूरच्या बाजारातून घेतलेली मेथीची जुडी कुणाच्या तरी हातून पाठवून दिली. त्यावर मी फोन केला, तिनं उचलला, आणि मेथी कशी करायची एवढंच बोललो. तेव्हापासून आमचं बरं आहे. तिला माझं काम आवडत नाही, पण तिला खोटं सांगितलेलं नाही, हे दोघींना माहीत आहे. सांगण्याची भीती किती असते आणि सांगून झाल्यावर पाठ कशी हलकी होते, हे मला तेव्हा कळलं.

पण आई सोडून जात नाही. पुरुष जातात.

पहिला साताऱ्यातला, मेढ्याकडचा, मिल्ट्रीत. सुट्टीवर आला की दोन महिने माझ्या मागं-पुढं, आणि ड्युटीवर गेला की दहा महिने फोनवर संशय. "लग्न हुईपर्यंत कर, मग सोड," म्हणायचा. जसं काही लग्नाच्या दिवशी माझी बुद्धी नवीन येणार होती. जाताना त्यानं दिलेली एक सोन्याची साखळी तेवढी राहिली. दुसरा सांगलीतला. त्याला कामाचं काही वाटत नव्हतं, असं तो म्हणायचा. पण सहा महिन्यांनी त्याचं सुरू झालं, की त्या गोऱ्यांशी इतकं गोड बोलतेस, माझ्याशी का नाही बोलत. मी म्हटलं, अरे बाबा, हलवाई घरी गेल्यावर पेढे खातो का? त्याला ते पटलं नाही. तोही गेला.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली आणि ती दगडावरच्या रेघेसारखी पाळली. कामाची भाषा इंग्रजी, घरची मराठी. कॅमेऱ्यासमोर एक मराठी शब्द तोंडातून जाणार नाही, आणि दार उघडून बाहेर आल्यावर लाडाचा एक इंग्रजी शब्द निघणार नाही. लोक विचारतात, दिवसभर खोटं प्रेम बोलून खरं कसं बोलतेस. मी त्यांना म्हणते, खरं मी बोलतच नाही. आमच्याकडं कोण बोलतं? "जेवलीस का" म्हणतात, आणि त्यात सगळं येतं.

तिसऱ्याची भेट त्या साखळीमुळं झाली. मी ती मोडायला सराफाकडं नेली. सराफ म्हणाला, पलीकडच्या गल्लीत गलाईवाला आहे, तो गाळून किती शुद्ध निघतं ते सांगेल. गलाई हा आमच्या जिल्ह्यातला धंदा आहे. विटा, खानापूर, आटपाडी ह्या बाजूच्या गावांतली माणसं पिढ्यान्पिढ्या जुनं सोनं भट्टीत वितळवतात, आतलं तांबं-जस्त काढतात आणि शुद्ध करून परत देतात. त्यासाठी ती देशभर, पार नेपाळापर्यंत पांगलेली आहेत. तामिळनाडूतल्या एखाद्या लहानशा बाजारात गेलात तरी कोपऱ्यात एक भट्टी असते आणि भट्टीमागं विट्याकडचा माणूस असतो.

हा मात्र परत सांगलीत आला होता. बोटांची टोकं आम्लानं पिवळी पडलेली, बोलणं कमी. साखळी हातात घेऊन त्यानं विचारलं, "परत करायची न्हाई का ज्याची त्याला?"

"गाळा," मी म्हटलं.

त्यानं गाळली. पुढच्या भेटी कशा झाल्या ते मी सांगणार नाही, पण तिसऱ्या भेटीतच मी त्याला माझं काम सांगून टाकलं. उगीच जीव लावून बसायचं आणि मग रडायचं, एवढा वेळ माझ्याकडं नव्हता. त्यानं बोटांवरचे पिवळे डाग चोळले. मग म्हणाला, "दुपारी मोकळी असतीस का?"

"बारानंतर."

"मग साडेबाराला जेवायला येत जाईन."

आणि तो येत राहिला. दोन वर्षं. कधी भाकरी-वांगं मी करायची, कधी तो येताना काही आणायचा. बाराच्या आधी त्यानं कधी दार वाजवलं नाही. एकदा माझा कॅमेऱ्यासमोरचा दिवा बंद पडला तर त्यानंच खोलून दुरुस्त केला, आणि वर "तोंडावर उजेड जास्त पडतोय, जरा लांब ठेव" असंही सांगितलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, हा माणूस टिकणार. लग्नाचं त्यानंच काढलं. त्याचे वडील वारले होते. घरात आई, आणि वडिलांच्या जागी एक थोरला चुलतभाऊ. त्याला सगळे दादा म्हणायचे. दादानंच ह्याला गलाईचं काम शिकवलं, भट्टीपुढं उभं केलं, आणि दुकान घालताना पाठीशी राहिला. घरात शेवटचा शब्द दादाचा. ठरलं असं, की चैत्रात गावची यात्रा असते, तेव्हा बाहेरगावचे सगळे गलाईवाले येतात, दादाही येणार, तर मीही जायचं. आईनं बघायचं, दादानं बघायचं, आणि बोलणी पुढं न्यायची.

आता ह्यात माझी चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या साइटवर आपल्याला नको तो देश बंद करता येतो. त्या देशातल्या माणसाला आपण दिसतच नाही. मी पहिल्या दिवसापासून भारत बंद ठेवला होता. वाळव्यातली पोरं आखातात कामाला जातात म्हणून दुबई बंद, मस्कत बंद, कतार बंद. मी स्वतःला लय शहाणी समजायची. नेपाळ माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी जेवायला रोज एका गलाईवाल्यासमोर बसत होते, बरं का.

यात्रेच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. सकाळी नऊचा सुमार होता. चहाचा कप बाजूला ठेवताना हात लागला आणि गरम चहा पायावर सांडला. "आई गं, भाजलं की," मी म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर मराठी.

बघणाऱ्यांत एक जण होता जो तासभर नुसता गप्प बसून होता. त्यानं रोमन अक्षरांत लिहिलं, "मराठी?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचं आलं, "गाव कुठलं?"

आमच्या माणसांची ही खोड जाणार नाही. परमुलखात आपलं माणूस भेटलं की नाव नाही विचारणार, कसं आहे नाही विचारणार, पहिलं गाव विचारणार. मग समोरच्याच्या अंगावर कपडे असोत वा नसोत. आणि मी तरी काय? हात आपोआप चालला. मी लिहिलं, "वाळवा."

तो खूश झाला. त्यानं धडाधड लिहिलं. आपण खानापूर तालुक्यातले, गाव अमुक, इथं नेपाळात गलाईचं दुकान आहे, इकडं आपलं माणूस बघायला मिळत नाही. एवढं लिहून झाल्यावर बहुतेक त्याला आपण कुठं बसलोय ते आठवलं. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "सॉरी ताई." आणि तो गेला.

मी आधी हसले. ताई म्हणाला बिचारा. मग त्यानं लिहिलेलं गावाचं नाव पुन्हा वाचलं. ते ह्याचं गाव होतं.

साडेबाराला तो जेवायला आला तेव्हा मी भाकरी वाढायच्या आधी सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "आमच्या गावचं नेपाळात एकच दुकान हाय. दादाचं."

आम्ही दोघंही जेवलो नाही. त्या दुपारी मी नेपाळ बंद केलं, बांगलादेश, श्रीलंका, भूतानसुद्धा बंद केलं. बैल गेला आणि झोपा केला.

"यात्रेला नको जाऊया," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी काय नेपाळ बुडणार आहे का?"

"मग काय करायचं म्हणतीस?"

मला करायचं होतं ते सरळ होतं. दादा काही बोलायच्या आत ह्यानं आईला माझं काम सांगायचं. आई नाही म्हणाली तर नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही. मी त्या घरात जाणार तर माझ्या कामासकट, नाहीतर नाही. मी काम सोडणार नव्हते. कधी ना कधी सोडीनच, वय कुणाला चुकतं, पण ते मी ठरवीन. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "मी सांगतो आईला. यात्रेआधी सांगतो. तू काळजी करू नको." मी विश्वास ठेवला. खोटं का बोलू, त्या पंधरा दिवसांत मला त्याच्यावर इतकं प्रेम होतं की भांडी घासतानाही हसू यायचं.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या गाडीनं निघालो. विटा मागं पडल्यावर मी विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

तो समोर बघत गाडी चालवत होता. "सांगितलं न्हाई अजून. यात्रा झाली की सांगतो."

मला तिथंच उतरावंसं वाटलं. पण मी उतरले नाही, कारण मला त्या बाईला बघायचं होतं.

गाव गाड्यांनी गच्च भरलं होतं. तामिळनाडूची पाटी, केरळची पाटी, बंगालची पाटी, आणि सगळ्या गाड्यांतून उतरणारे आपलेच. पोरं आपसात तमिळ बोलत होती आणि आज्या त्यांना मराठीत दम देत होत्या. यात्रेचा दुसरा दिवस म्हणजे मटणाचा. ह्याच्या घरापुढं मांडव घातला होता. त्याची आई लुगड्याचा पदर खोचून मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, अगदी मोकळेपणानं, आणि म्हणाली, "उन्हाचं आलीस. आधी पाणी पी."

जेवणं झाल्यावर भावकीतली माणसं सतरंजीवर टेकली. दादा तिथंच बसले होते. पन्नाशीचा, भारदस्त माणूस, पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल. त्यांनी मला जेवताना बघितलं होतं. बघितलं आणि पाणी पिता पिता त्यांना जोराचा ठसका लागला होता. तेव्हापासून त्यांची नजर जमिनीवर.

आई म्हणाल्या, "दादा, ही बघ. सांगलीस्नं आलीया."

"व्हय व्हय," दादा मान खाली घालून म्हणाले. "वाळव्याकडची न्हवं."

मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही. आईंच्या आलं. "तुला रं कुणी सांगितलं? मला बी अजून म्हायती न्हाई."

दादांचा गुलाल घामानं ओघळायला लागला. ह्यानं चप्पल शोधायला सुरुवात केली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मला दादांची दया आली असं म्हणणार नाही, पण भर यात्रेत, पोराबाळांसमोर त्या माणसाला उघडं पाडून मला काय मिळणार होतं?

"मघाशी मीच सांगितलं त्यांना," मी म्हणाले. "गाडी लावताना."

दादांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

थोड्या वेळानं मी हात धुवायला पाण्याच्या टाकीपाशी गेले तर ते मागोमाग आले. चार हात लांब उभे राहिले. "ताई, तुमचं उपकार झालं. पण एक सांगतो. ते काम सोडा. आजच्या आज सोडा. मी काकीला सांगतो, पोरगी लाखात एक हाय. बोलणी आज पक्की करतो."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर मला बोलावं लागंल."

"काय बोलाल? कुठं बघितलं म्हणाल?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मला कळलं की हा माणूस जन्मात तोंड उघडणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आत जाऊन गोड हसले असते तर त्या दिवशी माझं लग्न ठरलं असतं.

आणि मग दर यात्रेला मी ह्या माणसाच्या ताटात वाढणार, तो मान खाली घालणार, मी मान खाली घालणार. म्हातारपणापर्यंत. मला ते नको होतं. मला राग आला होता, त्यांचा कमी आणि चप्पल शोधणाऱ्याचा जास्त.

चारला कुस्त्यांचं मैदान होतं. पुरुषमाणसं सगळी तिकडं निघाली. मी आत गेले. आई स्वयंपाकघरात एकट्याच लसूण सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले, दोन गड्डे ओढून घेतले आणि सोलायला लागले. म्हटलं, "मावशी, मला तुम्हाला माझं काम सांगायचंय."

"सांगितलंय की त्यानं. कंप्युटरवर परदेशातल्या लोकांशी बोलायचं असतं."

"तेवढंच नाही."

मग सांगितलं. त्यांना कळेल अशा शब्दांत, काही न लपवता. दादांचं नाव घेतलं नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं. त्यांचे हात थांबले. बाहेर लाऊडस्पीकरवर पैलवानांची नावं पुकारत होते.

मग त्यांनी विचारलं, "अंगाला हात लावत्यात का?"

"नाही. ते तिकडं, मी इकडं. मधे काच."

"दार आतनं लावलेलं असतं?"

"असतं."

"किल्ली कुणापाशी?"

"माझ्यापाशी."

त्या परत लसूण सोलायला लागल्या. "मी पंचवीस वर्सं तमिळ मुलखात काढली," त्या म्हणाल्या. "दुकानाच्या वर खोली. ह्यांनी बाहेरनं कडी घालून खाली जायचं. का, तर बाजार वाईट हाय. किल्ली त्यांच्याकडं." मग म्हणाल्या, "तुझं काम मला आवडलं न्हाई. आवडणार बी न्हाई. तोंडदेखलं बोलायचं मला जमत न्हाई."

"चालेल," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याला लसणाचं निमित्त होतं.

तेवढ्यात तो आत आला. गाडीची किल्ली खुंटीला होती, ती न्यायला. आईनं मान वर न करता विचारलं, "ही काय काम करती, तुला म्हायती हाय का रं?"

मी त्याच्याकडं बघितलं. दोन वर्षं साडेबाराला येणारा माणूस. माझा दिवा दुरुस्त केलेला माणूस. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "कंप्युटरचं ना? दुसरं काय म्हायती न्हाई मला."

माझ्या थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी उठले. पदराला हात पुसले आणि पर्स उचलली. आईंनी त्याच्याकडं इतकं रोखून बघितलं की तो किल्ली न घेताच बाहेर गेला. मग त्या माझ्यामागं उंबऱ्यापर्यंत आल्या आणि स्वतःचा फोन पुढं केला. "तुझा नंबर घालून दे ह्यात. घरी पोचलीस की सांग."

विट्यापर्यंत वडापच्या जीपनं आणि पुढं तासगावमार्गे एसटीनं मी सांगलीला आले. पोचल्यावर फोन करून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कॅमेऱ्यासमोर होते. डोळे सुजलेले बघून एकानं विचारलं तर ॲलर्जी म्हणून सांगितलं. त्या दिवशीच्या पाच तासांइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. हसायचं, लाडात बोलायचं, आणि आत सगळं जळत असायचं. पण उठले नाही. उठले असते तर एका माणसाच्या भित्रेपणानं माझं कामही नेलं असतं.

साडेबाराला दार वाजलं. मी साखळी लावूनच उघडलं.

"चुकलो," तो म्हणाला. "तोंडातनं निघून गेलं."

"आईसमोर खोटं बोललास, आईसमोर खरं बोल. मग जेवायला ये."

"आठ दिवस दे मला."

"मी कुठं जाते? इथंच आहे."

आठ दिवसांचे पाच महिने झाले. बेंदूर गेला, गणपती गेले. तो अधूनमधून फोन करायचा, "जेवलीस का" विचारायचा. मी "हो" म्हणून ठेवून द्यायची. एकटीला जेवण जात नव्हतं, हे खरं आहे. दुपारी बारानंतर घर खायला उठायचं. मैत्रिणी म्हणायच्या, इतकं ताणू नको, पुरुष असेच असतात. एकीनं तर सांगितलं, कामच सोड की, म्हणजे प्रश्नच मिटला. मला तिचा इतका राग आला की मी तिचा डबा तिला रिकामा परत केला. आमच्याकडं रिकामा डबा परत देत नाहीत. प्रश्न माझ्या कामाचा उरलाच नव्हता. त्याच्या आईनं माझं काम ऐकून घेऊन नावडतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. अडलं होतं ते त्याच्या एका वाक्यापाशी. ते त्याच्या तोंडून येत नव्हतं, आणि मी ते त्याच्या वतीनं बोलणार नव्हते.

दसरा झाला. दसऱ्याच्या चार दिवसांनंतरची सकाळ. दहाला मी थोडी सुट्टी घेते, कॅमेऱ्यापुढं "आलेच" अशी इंग्रजी पाटी ठेवते आणि पाणी पिते. फोन वाजला. त्याच्या आईचा. त्या दिवशीनंतर पहिल्यांदाच.

मी माईक बंद केला आणि खिडकीशी गेले.

"ऐक," त्या म्हणाल्या, नमस्कार नाही, चमत्कार नाही. "हितं आलाय. सकाळच्या पहिल्या गाडीनं आला. दादा बी हाय, नेपाळास्नं सणाला आलाय. दोघांच्या पुढ्यात बोलला. मला पहिल्यापास्नं म्हायती हुतं म्हणाला. तवा भ्यालो म्हणाला. आन् लगीन तिच्याशीच करणार, काम सोड म्हणणार न्हाई, आसं बी म्हणाला."

मी कॅमेऱ्याकडं पाठ केली.

"दादानं एक शब्द काढला न्हाई," त्या म्हणाल्या. "मान खाली घालून बसलाय. का बसलाय त्ये मी इचारलं न्हाई. मी काय येडी न्हाई." मग म्हणाल्या, "तूच त्याला जेवायचं बंद केलंवतंस म्हणं. तर भाकरी झालीया माझी. वाढू का नको, त्ये तू सांग."

खाली भाजीवाली ओरडत होती. मी डोळे पुसले, काजळ पसरू नये म्हणून बोटाच्या टोकानं.

"वाढा," मी म्हणाले. "पण माझं काम बारापर्यंत आहे. बाराला सुटले की गाडी धरून येते."

"म्हंजी तुला तीन वाजणार."

"वाजतील."

"मग बसू दे त्याला तवर उपाशी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी लिपस्टिक नीट केली, पाटी काढली आणि कॅमेऱ्यासमोर बसले.